खाज एकाला, गोळी गावाला

समजा, मोरा बंदरावरच्या एखाद्या घरात मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठले आणि रात्र झाली की ते अंग खाजवू लागले. आजी बघताच सांगते, ही खरूज. दवाखान्यातून मलम येते, मुलाला आराम पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी खाज पुन्हा सुरू होते. घरचे म्हणतात, मलमच खोटे. शेजारी म्हणतात, स्वच्छता नाही. दोघांचेही निदान चुकलेले असते. दुखणे परत येते ते घरातल्याच, पण अजून न खाजवणाऱ्या माणसाकडून.

ही साधी गोष्ट कळायला वैद्यकशास्त्राला अडीचशे वर्षे लागली. खरजेचा किडा डोळ्यांना जेमतेम दिसतो. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. १६८७ मध्ये बोनोमो आणि चेस्टोनी या इटालियन अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून त्याचे वर्णन केले. पण बहुतेक वैद्यांनी ते मनावर घेतले नाही. १८३४ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही युक्ती त्याने कॉर्सिका बेटावरच्या खेडूत बायकांना करताना पाहिली होती!

पुढचे कोडे दुसऱ्या महायुद्धात सुटले. १९४१ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे केनेथ मेलनबी यांनी, लढायला तत्त्वतः नकार देणाऱ्या स्वयंसेवकांच्या मदतीने प्रयोग केले. रुग्णांचे कपडे आणि पांघरुणे वापरूनही फार थोड्यांना लागण झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला जवळजवळ महिनाभर खाजच येत नाही. तेवढ्या काळात तो आपल्या नकळत दुसऱ्यांना किडा देत राहतो.

मग सर्वांना एकाच वेळी औषध देणे ओघानेच आले. पण मलम गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला चोळायचे असते. दाटीच्या घरात, आडोसा नसताना हे कोणी आणि कसे करायचे? अख्ख्या गावाला तर ते फारच अवघड.

वाट मोकळी केली ती एका गोळीने. १९७०च्या दशकात जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून एक जिवाणू वेगळा केला. त्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन घडवले. आधी ते गुराढोरांना दिले गेले. १९८७ मध्ये मर्क कंपनीने माणसांमधील ‘नदीअंधत्व’ या रोगासाठी ते मोफत देण्याचे जाहीर केले. आफ्रिकेतील या रोगाचे जंतू कातडीत वावरतात, खाज आणतात आणि शेवटी दृष्टी घेतात. तिथे गावकऱ्यांनी आपल्यातलेच वाटपकर्ते निवडले. वजनकाटा नसला तरी अडत नव्हते. खुणा केलेल्या काठीने उंची मोजून गोळ्या ठरत. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले.

खरजेची परीक्षा २०१२ मध्ये फिजी बेटांवर झाली. जिथे सर्वांना आयव्हरमेक्टिन दिले, तिथे खरजेचे प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आले. जिथे फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांवर मलमाचा उपचार झाला, तिथे ३७ वरून १९ टक्क्यांपर्यंतच घट झाली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले.

आपल्याकडे घरोघरी गोळ्या देण्याचा मोठा अनुभव आहे तो हत्तीरोगाचा. २००४ पासून देशातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा डीईसीची गोळी देण्यात येऊ लागली. पुढे अल्बेंडेझोलची जोड मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही आले. ते खरजेच्या किड्यावरही चालते. मात्र ते अंड्यांना मारत नाही, म्हणून खरजेसाठी सात ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा लागते. हत्तीरोगाच्या वार्षिक फेरीने खरजेचा कायमचा बंदोबस्त होईल, असे समजू नये. गरोदर स्त्रिया आणि अगदी लहान मुले यांना हे औषध देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

या मोहिमेत कर्मचाऱ्यांना दारोदार एकच प्रश्न विचारला जातो : ‘‘मला काही झालेले नाही, मी गोळी का घेऊ?’’ म्हणूनच गोळ्या हातात न ठेवता समक्ष गिळायला लावतात. शरीरात जंतू असतील तर ते मरताना ताप, मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. हे आधी समजावले नाही, तर गावात अफवा पसरते आणि पुढच्या वर्षी दारे बंद होतात.

प्रश्न विचारणाऱ्याचा हक्क आहे. उत्तरही तयार आहे. हत्तीरोगाचे जंतू रक्तात वर्षानुवर्षे गुपचूप राहतात, खरजेचा किडा महिनाभर. मोऱ्याच्या त्या मुलाला पुन्हा खाज सुटू नये, तर औषध त्याच्याशेजारी शांत झोपणाऱ्या बहिणीलाही मिळायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)