राज्य नव्हतं, पण टीम होती : महाराष्ट्राचा १९४०-४१ चा रणजी हंगाम

आधी एक कोडं सोडवा. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. दोघंही आपल्या नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर), दोघंही भारताकडून कसोटी खेळले. मग रणजी करंडकात हे दोघं महाराष्ट्राकडून किती सामने खेळले?

एकही नाही. झहीर बडोदा आणि मुंबईकडून खेळला, रहाणे मुंबईकडून. म्हणजे क्रिकेटमधला ‘महाराष्ट्र’ आणि नकाशावरचा महाराष्ट्र एकच नाही. विदर्भाची टीम वेगळी, मुंबईची वेगळी. हे असं का, ते समजून घ्यायचं तर आपल्याला १९४० मध्ये जावं लागेल. खेळाच्या इतिहासात मला रस वाटतो तो याचसाठी. टीम कुणाच्या नावाने बांधली जाते, यावरून त्या समाजाबद्दल बरंच काही कळतं.

तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. नगर आणि पुणे मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात होते. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात, मराठवाडा निजामाकडे, आणि सांगली-कोल्हापूर ही संस्थानं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अजून उभी राहायची होती. पण रणजी स्पर्धेत महाराष्ट्र नावाची टीम मात्र होती. १९३४-३५ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघ प्रांतवार झाले, आणि त्यात मुंबई वेगळी व महाराष्ट्र वेगळा अशी मांडणी झाली. पहिले दोन करंडक मुंबईने नेले.

या महाराष्ट्राचे कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात ते संस्कृत शिकवायचे. १९२६ साली मुंबईत त्यांनी एमसीसीच्या पाहुण्या संघाविरुद्ध १४८ धावा केल्या होत्या. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळिशीत होते आणि संघात त्यांची निवड झाली नव्हती. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. देवधर थांबले नाहीत. १९३९-४० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामात सांगलीच्या विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या.

आता पुढचा हंगाम, १९४०-४१. पुण्यात समोर मुंबई. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात देवधरांच्या २४६. वय ४८! मुंबईनेही सोडलं नाही. खंडू रांगणेकरांनी २०२ केल्या आणि मुंबईचा डाव ६५० पर्यंत गेला. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे, असा नियम. म्हणजे १३२५ धावांच्या हिशोबात फरक फक्त २५ धावांचा, आणि तेवढ्यावर महाराष्ट्र पुढे गेला. अंतिम सामन्यात मद्रासला हरवून त्यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक उचलला.

इथपर्यंत ही नेहमीची विजयगाथा आहे. पण याच हिवाळ्यात मुंबईत काय चाललं होतं, ते शेजारी ठेवून बघा.

रणजीपेक्षा जास्त गर्दी खेचणारी स्पर्धा होती मुंबईची पंचरंगी. तिथे संघ धर्मावर बांधलेले : युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि १९३७ पासून ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले सगळे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची माणसं गांधीजींना वर्ध्याला जाऊन भेटली. धर्मावरून संघ पाडणं गांधीजींना पटणारं नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेतून बाहेर राहिला. पुढे स्पर्धा चालू राहिली आणि १९४६ मध्ये कायमची बंद झाली.

आता हजारेंकडे परत येऊ. ते मराठी ख्रिस्ती. रणजीत देवधर आणि हजारे एकाच टीममध्ये, कारण दोघंही ‘महाराष्ट्र’. पंचरंगीत मात्र देवधर ‘हिंदू’ आणि हजारे ‘रेस्ट’. १९४३ च्या पंचरंगीत हिंदूंविरुद्ध हजारेंनी ३०९ धावा केल्या तेव्हा त्यांच्या पूर्ण संघाची धावसंख्या होती ३८७. माणूस तोच, भाषा तीच. पण एका स्पर्धेत तो आपला, दुसऱ्या स्पर्धेत उरलेल्यांपैकी.

नगरच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकन मराठी मिशनचं काम आपल्याकडे १८३१ पासूनचं. मराठी बोलणारी, चर्चमध्ये जाणारी कितीतरी कुटुंबं आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या पोराने त्या काळी बॅट हातात घेतली असती, तर पंचरंगीत त्याची जागा ‘रेस्ट’मध्ये होती आणि रणजीत महाराष्ट्रात.

म्हणून मला तो २५ धावांचा फरक महत्त्वाचा वाटतो. देवधरांची टीम काही समाजसुधारणा करायला मैदानात उतरली नव्हती, ती जिंकायला उतरली होती. पण राज्य जन्माला यायच्या वीस वर्षं आधी ‘आपण महाराष्ट्राचे’ असं म्हणायला तिने एक जागा दिली, आणि त्या जागेत शिरताना धर्म विचारला जात नव्हता. जात, पैसा, शहराची जवळीक हे अडसर होतेच. खेड्यातल्या पोराला पुण्याचं मैदान लांबच होतं. ते अंतर पुढेही पुरतं मिटलं नाही. सुरुवातीच्या कोड्यातले दोघं मुंबईकडे वळले, त्यामागेही हेच अंतर दिसतं.

आणि तो करंडक? १९४०-४१ नंतर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तो महाराष्ट्राकडे परत आलेला नाही.