मुदतबाह्य दारूगोळा : विल्हेवाटीनंतरची माती आणि पाणी

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील लष्कराच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर भीषण आग लागून किमान १६ जणांचा मृत्यू झाला. त्यात लष्करी अधिकारी तसेच अग्निशमन कर्मचाऱ्यांचा समावेश होता. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांमधून झिरपणारे टीएनटी हे स्फोटक या दुर्घटनेस कारणीभूत ठरल्याचे पुढे स्पष्ट झाले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी याच भांडाराच्या सोनेगाव आबाजी गावानजीकच्या मैदानावर जुनी स्फोटके नष्ट करण्याच्या कामादरम्यान स्फोट होऊन सहा जण ठार झाले. मृतांमध्ये परिसरातील कंत्राटी मजूर होते.

अशा दुर्घटनांमधील जीवितहानी तत्काळ नोंदली जाते. विल्हेवाटीच्या जागी माती व पाण्यात काय उरले, हे मात्र तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

प्रदूषण कसे होते?

मुदत संपलेला दारूगोळा खड्ड्यात ठेवून स्फोटाने उडवला जातो, उघड्यावर जाळला जातो अथवा बंद भट्टीत नष्ट केला जातो. उघड्यावरील स्फोट अपूर्ण राहिल्यास स्फोटकांचे कण सभोवती विखुरतात. टीएनटी मिसळलेले पाणी सूर्यप्रकाशात गुलाबी-लालसर दिसू लागते. हे स्फोटक काही प्रमाणात मातीत धरले जाते. आरडीएक्स मात्र पावसाच्या पाण्यासोबत सहज खाली उतरून भूजलात पोहोचते. रंग वा वास न बदलताही विहिरीचे पाणी दूषित होऊ शकते, म्हणून प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक ठरते.

शुद्धीकरणाचे उपाय

अमेरिकेत ओरेगन राज्यातील उमाटिला लष्करी भांडारात १९५० च्या दशकापासून १९६५ पर्यंत बॉम्बमधील स्फोटके धुऊन काढलेले पाणी उघड्या तलावांत सोडले जात असे. तेथील दूषित माती १९९० च्या दशकात खोदून काढण्यात आली. तीत शेणखत, बटाट्याचा चोथा आणि भुसा यांसारखे पदार्थ मिसळून कंपोस्ट पद्धतीने सूक्ष्मजीवांकरवी स्फोटकांचे विघटन घडवून आणले गेले. भूजल उपसून ते सक्रिय कोळशाच्या थरांतून गाळण्यात आले. मातीचे काम काही वर्षांत आटोपले. भूजलाच्या शुद्धीकरणास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथील लष्करी तळाखाली परिसराच्या पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा आहे. त्यास धोका निर्माण झाल्याने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ मध्ये तेथील दारूगोळ्याचा सराव थांबविण्याचा आदेश दिला.

भारतातील तरतूद

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासंबंधीचे नियम अधिसूचित केले. संशयित स्थळांची नोंद, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत प्राथमिक तपासणी, त्यानंतर सविस्तर सर्वेक्षण व शुद्धीकरण असा क्रम त्यात घालून देण्यात आला आहे. शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, हे या नियमांचे मुख्य तत्त्व आहे.

दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानांलगत शेती आणि विहिरी असतात. तेथील माती व पाण्याची काम सुरू होण्यापूर्वीची नोंद उपलब्ध असेल, तरच पुढे झालेला बदल सिद्ध करता येतो. अशी नोंद नसल्यास दूषित पाण्याची जबाबदारी निश्चित करणे कठीण होऊन बसते आणि त्याचा भार अखेरीस ते पाणी पिणाऱ्या गावावर पडतो.