हिस्लॉप, स्टीफन

(८ सप्टेंबर १८१७–४ सप्टेंबर १८६३). स्कॉटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक व मध्य भारताच्या भूविज्ञानाचे एक आद्य अभ्यासक. जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे. १८४५ मध्ये ते नागपूरला आले व पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना १८८३) त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

धर्मप्रसाराच्या दौऱ्यांत त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह खडक व जीवाश्म गोळा केले. नागपूरजवळील टाकळी येथे बेसाल्टाच्या थरांदरम्यान त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख व वनस्पतींचे अवशेष आढळले. धाराशिव, नागपूर आदी जिल्ह्यांत पसरलेल्या दक्षिण ट्रॅपचे लाव्हे सलग वाहिले नसून मधल्या विरामकाळात तेथे तळी व वनश्री होती, हे अशा आंतर-ट्रॅपी थरांवरून स्पष्ट होते. हिस्लॉप यांनी हे थर तृतीय कल्पातील मानले. आधुनिक कालमापनानुसार ट्रॅपचे मुख्य उद्रेक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस झाले. कालनिर्णय बदलला, तरी त्यांनी जमविलेल्या जीवाश्मांचे महत्त्व कायम आहे.

टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आदिवासींविषयीचे त्यांचे लेखन रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले.