हेलवूडची तिसरी पाळी

तुम्हाला मुंबई गाठायची आहे, तीही ऑक्टोबर 2008 मधली.

फोर्टातल्या होमी मोदी रस्त्यावर बॉम्बे हाउस या टाटा समूहाच्या मुख्यालयाच्या दारात तुम्ही उभे आहात. आत भटकी कुत्री बिनधास्त पसरली आहेत, त्यांना कुणी हुसकावत नाही. वरच्या मजल्यावर सत्तरीचे रतन टाटा आहेत, आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेली संकटं तुम्ही रोज पेपरात वाचताय. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक 15 सप्टेंबरला कोसळली. 3 ऑक्टोबरला टाटांच्या नॅनो गाडीचा प्रकल्प सिंगूरमधून बाहेर पडला. आणि चारच महिन्यांपूर्वी, 2 जूनला, टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्यात, 2.3 अब्ज डॉलर मोजून. त्यासाठी काढलेलं अल्पमुदतीचं कर्ज 3 अब्ज डॉलरचं. ते फेडायची मुदत आहे जून 2009, आणि जगात कुणी कुणाला पैसे द्यायला तयार नाही.

चहाच्या टपरीवर शेअर बाजारातले लोक बोलतायत ते ऐका. पांढरा हत्ती विकत घेतला म्हणतात. फोर्डने या दोन कंपन्यांसाठी पाच अब्जांहून जास्त मोजले होते आणि निम्म्याहून कमी किमतीत त्या सोडून दिल्या. फोर्डला जमलं नाही ते यांना काय जमणार? आणखी काही आठवड्यांत ताजवर हल्ला होईल, आणि टाटांच्याच या हॉटेलातून निघणारा धूर सारं जग पाहील.

डेट्रॉइटमध्ये 1999 साली फोर्डकडून झालेल्या टाटांच्या अपमानाची आणि नऊ वर्षांनी केलेल्या परतफेडीची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती गोष्ट मला पुरेशी वाटत नाही. सूड घ्यायला सौदा झाला की पुरे. कंपनी जगवायची तर सौद्यानंतरची दोन वर्षं तग धरावी लागते.

ती वर्षं बघायला लिव्हरपूलजवळच्या हेलवूडला, जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यात चला. मार्च 2009. गाड्या विकल्या जात नाहीत, म्हणून कामगार पगारवाढ सोडून चार दिवसांच्या आठवड्याला मान्यता देतायत. बदल्यात कंपनीचा शब्द आहे की दोन वर्षं कुणाला सक्तीने घरी पाठवणार नाही. केपीएमजी आणि रोलँड बर्गरचे सल्लागार पै-पैचा हिशेब लावून बसलेत. ब्रिटिश सरकारकडे कर्जाच्या हमीसाठी महिनोन्‌महिने बोलणी चालतात आणि ऑगस्टमध्ये फिसकटतात. टाटा मोटर्सचा 2008-09 चा एकत्रित तोटा आहे 2,505 कोटी रुपये.

अशा वेळी हिशेबनीस आधी कशावर काट मारतो? अजून बाजारात न आलेल्या गाडीवर. तिचा खर्च आज दिसतो, गिऱ्हाईक मात्र दिसत नाही. इथे ती गाडी आहे एलआरएक्स. जानेवारी 2008 मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिचा नमुना मांडला होता. जवळ जाऊन बघा: छप्पर मागे उतरत गेलेलं, खिडक्यांची खालची रेघ मागे चढत गेलेली, त्यामुळे काचेची पट्टी शेवटाकडे निमुळती होत जाते. लँड रोव्हरच्या चौकोनी घराण्यात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. ती रद्द झाली नाही. माझ्या लेखी टाटांचा खरा पराक्रम तो. घरात दाणा नसताना त्यांनी बियाणं दळलं नाही.

श्रेय एकट्याचं नाही. फेब्रुवारी 2010 पासून जग्वार लँड रोव्हर चालवायला आले ते राल्फ श्पेथ, बीएमडब्ल्यूत मुरलेले अभियंते. चीनमध्ये आलिशान गाड्यांना मागणी आली. पडत्या काळात साथ दिलेले कामगार होतेच. सॉलिहल आणि कॅसल ब्रॉमविच यांपैकी एक कारखाना बंद करायचं 2009 मध्ये जाहीर झालं होतं. ऑक्टोबर 2010 मध्ये तो विचार सोडून दिला गेला. 2010-11 चा ताळेबंद उघडा: टाटा मोटर्सचा एकत्रित नफा 9,274 कोटी.

एलआरएक्स आता इव्होक झाली आहे. जुलै 2011 पासून ती हेलवूडमध्येच बनते, जिथली जग्वार एक्स-टाइप 2009 अखेर बंद पडली होती. 2011 मध्येच लँड रोव्हरच्या फ्रीलँडर गाडीचे सुटे भाग इथून पुण्याला जाऊ लागले, तिथे त्यांची जुळणी होऊ लागली.

ऑगस्ट 2012 मध्ये या कारखान्यात पुन्हा एकदा शिरा, मध्यरात्रीनंतर. चार दिवसांचा आठवडा इतिहासजमा झालाय. तिसरी पाळी नुकतीच सुरू झाली आहे, चोवीस तास काम चालतं, आणि पट्ट्यावरून एकामागून एक इव्होक उतरतायत.