कडक डोहाळे : गर्भारपणातील मळमळीच्या वैविध्याचा वैद्यकीय इतिहास

प्रास्ताविक

नव्याने दिवस गेलेल्या स्त्रीविषयी बोलताना मराठी घरांत ‘तिला डोहाळे फार कडक आहेत’ असे म्हटले जाते. या साध्या शब्दप्रयोगात पिढ्यान्‌पिढ्यांचे एक निरीक्षण साठलेले आहे. गर्भारपणाचा त्रास सर्व स्त्रियांना सारखा होत नाही. एकीला शिजणाऱ्या भाताचा वासही सहन होत नाही, पाण्याचा घोट पोटात ठरत नाही; त्याच घरातील तिच्या जावेला मात्र तिसरा महिना उलटेपर्यंत काही जाणवलेलेही नसते. एवढेच नव्हे, तर एकाच स्त्रीची दोन बाळंतपणे या बाबतीत एकमेकींसारखी असतातच असे नाही.

हा फरक का पडतो, हा प्रश्न वैद्यकापुढे फार जुन्या काळापासून आहे. त्याला मिळालेली उत्तरे मात्र निव्वळ शारीरिक निरीक्षणातून आलेली नाहीत. विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या फरकाचे कारण स्त्रीच्या स्वभावात शोधले गेले, आणि त्या निदानानुसारच तिच्यावर उपचार झाले. प्रस्तुत निबंधात या विचारपरंपरेचा मागोवा घेतला आहे.

त्रासाचे स्वरूप

‘मॉर्निंग सिकनेस’ ही रूढ इंग्रजी संज्ञाच मुळात दिशाभूल करणारी आहे. कॅनडात १६० स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ सकाळीच मळमळ होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आढळले. बहुतेकींना ती दिवसभर होत होती. इंग्लंडमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ३६३ स्त्रियांच्या पाहणीत २८ टक्के स्त्रियांना नुसती मळमळ, तर ५२ टक्के स्त्रियांना मळमळ आणि उलट्या दोन्ही असल्याचे दिसले. उरलेल्या पाचातील एकीला यांपैकी काहीच झाले नाही. साधारणतः सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होणारा हा त्रास नवव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या महिन्यात ओसरतो. आपल्याकडे डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात होते, म्हणजे पानावरचे पदार्थ खाण्याची शक्ती परत आल्यावर. ही योजना व्यवहारी म्हणावी लागेल.

या सर्वांच्या पलीकडे स्त्रियांचा एक लहान गट आहे. शंभरांत फार तर तीन स्त्रियांना सतत उलट्या होऊन वजन घटते, शरीरातील पाणी कमी होते आणि रुग्णालयात दाखल करावे लागते. वैद्यकात याला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम’, म्हणजेच गर्भारपणातील अतिवांती, असे म्हणतात. शिरेतून द्रव देण्याची पद्धत रुळण्यापूर्वी या गटातील स्त्रिया मरत असत.

प्राचीन मते

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोममध्ये व्यवसाय करणारा ग्रीक वैद्य सोरेनस याने स्त्रीरोगांवरील ग्रंथात या अवस्थेला ‘किस्सा’ असे नाव दिले आहे. बहुतेक स्त्रियांत ती चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते व सुमारे चार महिने टिकते, असे तो नोंदवतो. तिचा आरंभ आणि कालावधी स्त्रीगणिक बदलतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. आजच्या आकडेवारीशी हे वर्णन बरेच जुळते.

आयुर्वेदाची मांडणी निराळी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेच्या लक्षणांमध्ये लाळ सुटणे, अन्नावरची वासना जाणे, उलटी व आंबट खाण्याची इच्छा यांचा उल्लेख आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाल्यावर स्त्री ‘द्विहृदया’ होते, तिच्या इच्छा या गर्भाच्याच इच्छा असतात, ही दौहृदाची कल्पना. ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. सुश्रुताने वेगवेगळ्या इच्छांचा संबंध होणाऱ्या अपत्याच्या वेगवेगळ्या स्वभावांशी व भाग्याशी जोडला आहे. राजदर्शनाची इच्छा झाली तर अपत्य धनवान होईल, अशा स्वरूपाचा. येथे स्त्रियांमधील फरकाचे कारण आईकडे नसून गर्भाकडे आहे. अर्थात यामागची काळजी प्रामुख्याने अपत्याची होती. इच्छा न पुरवल्यास ते व्यंग असलेले जन्मेल, ही भीती त्यामागे होती. तरीही गर्भवतीच्या त्रासाबद्दल तिलाच दोषी धरण्याला या कल्पनेत जागा नव्हती, हे नोंदवणे आवश्यक आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. ज्या पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण त्या घेत होत्या, ते वैद्यक नेमक्या त्याच सुमारास या प्रश्नावर वेगळ्या वाटेला लागत होते.

मृत्यू आणि मज्जाविकृती

१८५२ मध्ये पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पॉल द्युबुआ यांनी फ्रेंच वैद्यक अकादमीपुढे या विकाराविषयी विवेचन केले. तेरा वर्षांत असे वीस मृत्यू आपण पाहिल्याचे त्यांनी सांगितले. पुढे तीनच वर्षांनी, ३१ मार्च १८५५ रोजी, इंग्रजी कादंबरीकार शार्लट ब्राँटी वयाच्या ३८ व्या वर्षी निवर्तली. जून १८५४ मध्ये तिचा विवाह झाला होता. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाची नोंद आहे. परंतु एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात अखेरच्या महिन्यांतील अखंड मळमळीचे व वारंवार येणाऱ्या ग्लानीचे वर्णन केले आहे. त्यावरून तिचा अंत गर्भारपणातील अतिवांतीने झाला असावा, असे मत प्रसूतितज्ज्ञ फिलिप ऱ्होड्स यांनी १९७२ मध्ये मांडले. हे निदान सर्वमान्य नाही, हेही खरे.

१८९१ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ काल्टेनबाख यांनी अतिवांती हा हिस्टेरियाचा आविष्कार असल्याचे प्रतिपादन केले. १९०६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम्स यांनी उलट्यांचे तीन वर्ग कल्पिले : प्रतिक्षिप्त, मज्जाविकृतिजन्य आणि विषजन्य. विषजन्य उलट्या ओळखण्यासाठी त्यांनी लघवीतील अमोनियाचे प्रमाण मोजण्याची कसोटी सुचवली. प्रमाण वाढलेले असेल तर आजार खरा व गंभीर, सबब गर्भपात करावा. प्रमाण वाढलेले नसेल तर विकार मनाचा. या कसोटीतील गोम लवकरच उघड झाली. उपासमारीनेही लघवीतील अमोनिया वाढतो. म्हणजे जिच्या पोटात आठवडाभर अन्न ठरलेले नाही तिची चाचणी ‘खऱ्या’ आजाराकडे झुकणार, आणि जिची उपासमार अद्याप तेवढी झालेली नाही ती मज्जाविकृत ठरणार. स्त्री किती काळ उपाशी आहे, यावरून तिच्या मनाची परीक्षा होत होती.

पुढे मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली या समजुतीला सैद्धांतिक बैठक मिळाली. उलटी म्हणजे नको असलेला गर्भ तोंडावाटे टाकून देण्याचा अबोध प्रयत्न, पतीविषयीची किंवा मातृत्वाविषयीची नावड, अशी स्पष्टीकरणे पाठ्यग्रंथांत स्थिरावली. नातेवाइकांना भेटू न देणे, खोलीत एकटे ठेवणे, इतकेच नव्हे तर उलटीचे भांडे काढून घेणे, असे उपाय १९३० च्या दशकातील वैद्यकीय लेखनात सुचवलेले आढळतात. अशा वागणुकीने काही स्त्रिया ‘बऱ्या’ झाल्या असतील, तर त्यांनी तक्रार करणे सोडले असण्याची शक्यताच अधिक. १९६८ साली फेअरवेदर यांनी घेतलेल्या विस्तृत आढाव्यातही मानसिक घटकांना मोठे स्थान होते. महिनोन्‌महिने अन्न न ठरणारी स्त्री खिन्न असणारच. येथे परिणामालाच कारण समजले गेले.

औषधांचा प्रश्न

याच काळात औषधांच्या इतिहासाने वेगळे वळण घेतले. जर्मनीत ऑक्टोबर १९५७ मध्ये विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे व मन शांत करणारे औषध गर्भवतींना मळमळीवरही दिले गेले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथील बाजारातून मागे घेतले गेले. त्याच्यामुळे एकंदर अंदाजे दहा हजार मुले अविकसित हातपाय व इतर व्यंगे घेऊन जन्मली. जर्मनीत लेंझ यांनी, तर ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड यांनी धोक्याची सूचना दिली.

या भयाचा फटका एका निर्दोष औषधालाही बसला. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व असलेले ‘बेंडेक्टिन’ अमेरिकेत १९५६ पासून वापरात होते. त्याने व्यंगे होतात असे दावे न्यायालयांत दाखल झाले, आणि खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ते बंद केले. त्यानंतर व्यंगांचे प्रमाण घटले नाही. उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मात्र वाढले. थॅलिडोमाइडविरुद्ध आवाज उठवणारे मॅकब्राइडच या औषधाविरुद्धही साक्ष देत होते. गर्भावरील दुसऱ्या एका औषधाच्या प्रयोगातील आकडे खोटे दिल्याचे सिद्ध होऊन १९९३ मध्ये त्यांचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढण्यात आले. त्याच घटकांचे औषध अमेरिकेत २०१३ मध्ये पुन्हा मंजूर झाले. मधल्या तीस वर्षांत तेथील गर्भवतींसाठी या त्रासावर खास मान्यताप्राप्त असे एकही औषध नव्हते.

आनुवंशिकतेचा शोध

फरकाचे कारण आहारात शोधण्याचाही प्रयत्न झाला. फ्लॅक्समन व शर्मन यांनी २००० मध्ये २७ पारंपरिक समाजांची तुलना केली. त्यांपैकी सात समाजांत ही मळमळ नोंदलेली नव्हती, आणि या सातांत प्राणिज पदार्थांवर भिस्त कमी होती. मांसातील जंतूंपासून गर्भाचे रक्षण करण्यासाठी ही नावड उत्क्रांत झाली असावी, असा त्यांचा तर्क आहे. तो आकर्षक आहे. मात्र एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणींमधील फरक त्याने उलगडत नाही.

त्या दृष्टीने नॉर्वेच्या जन्मनोंदणीने अधिक मदत केली. अतिवांती झालेल्या आईच्या मुलीला तोच त्रास होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, परंतु अशा आईच्या मुलाच्या पत्नीला तो वाढत नाही, असे २०१० मध्ये दिसून आले. म्हणजे वारसा मातेकडून येतो. याच नोंदींवरील २००८ च्या अभ्यासात, भारत व श्रीलंकेत जन्मून नॉर्वेत प्रसूत झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक, तर एकूण सरासरी एक टक्क्याच्या आत होती.

निर्णायक टप्पा २०१८ चा. स्वतःचे गर्भारपण १९९९ मध्ये अतिवांतीमुळे गमावलेल्या अमेरिकन संशोधक मार्लेना फेझो यांच्या गटाने ‘जीडीएफ-१५’ या संप्रेरकाच्या जनुकाशी या विकाराचा संबंध दाखवला. हे संप्रेरक मेंदूच्या मागील भागातील ग्राहकांवर काम करून मळमळ निर्माण करते. डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली, फेझो व सहकाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सिद्ध केल्या. गर्भवतीच्या रक्तातील हे संप्रेरक बहुतांशी गर्भ व वारेकडून येते. आणि गर्भधारणेपूर्वी जिच्या शरीरात ते कमी असते, तिला या अचानक वाढीचा त्रास अधिक होतो. थॅलेसेमियामुळे आधीपासूनच त्याची पातळी फार उंच असलेल्या स्त्रियांना मळमळ क्वचितच होते. सुश्रुतानेही कारण गर्भाकडे दाखवले होते, या साम्यावरून प्राचीनांना संप्रेरके ज्ञात होती असा निष्कर्ष काढणे मात्र अनाठायी ठरेल.

आधीच्या सवयीने त्रास कमी होत असेल, तर गर्भधारणेपूर्वीच शरीराला या संप्रेरकाची थोडी सवय लावता येईल का, हा पुढचा प्रश्न. उंदरांवरील प्रयोगांत अशी सवय लावल्यावर भूक कमी मंदावल्याचे आढळले आहे. स्त्रियांसाठी तो अद्याप सिद्ध झालेला उपचार नाही. तोवर नेहमीच्या मळमळीवरील प्रमुख औषधांत, १९८३ साली बाजारातून गेलेले तेच डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांचे मिश्रण मोडते.