ॲपेक्टोडिनियम ऑगस्टम
ॲपेक्टोडिनियम ऑगस्टम : डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सागरी जीवांची एक निर्वंश जाती. गण पेरिडिनिएलीझ. रेक्स हारलंड यांनी १९७९ मध्ये वायव्य युरोपातील जीवाश्मांवरून तिचे वर्णन केले.

वर्णन : जीवाश्मरूपात सापडते ती जिवंत पेशी नव्हे, तर तिची विश्रामावस्थेतील पुटी. पुटीची भित्ती चिवट सेंद्रिय द्रव्याची असल्याने हायड्रोफ्लुओरिक आम्लात खडक विरघळवला तरी ती टिकते. पुटी चापट असून शेंडा, दोन्ही बाजू व तळ यांवरील लांब, निमुळत्या शिंगांमुळे तिची बाह्यरेषा ताऱ्यासारखी दिसते. पृष्ठभागावर बारीक प्रवर्धे असतात. पेशी बाहेर पडण्याचे छिद्र पाठीकडील अग्रभागातील एक पट्ट निघून तयार होते. वर्गीकरणात या छिद्राचे स्थान व आकार निर्णायक मानतात. जवळच्या ॲ. होमोमॉर्फम या जातीची शिंगे आखूड असतात.

वर्गीकरण : छिद्राच्या रचनेचा फेरविचार करून २०१५ मध्ये ही जाती ॲक्सिओडिनियम या प्रजातीत हलविण्यात आली. मात्र जुने नावही वापरात आहे.

महत्त्व : सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, पॅलिओसीन व इओसीन युगांच्या सीमेवर पृथ्वी वेगाने तापली. त्या अल्प काळाच्या थरांतच ही जाती प्रामुख्याने आढळते. त्यामुळे उत्तर समुद्रापासून आर्क्टिकपर्यंतच्या थरांचे वय ठरविण्यासाठी ती महत्त्वाचा सूचक जीवाश्म मानली जाते.