सदऱ्याखालचं शस्त्र

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये प्रतापगडाचा प्रसंग ठरलेला असे आणि त्यातला अफजलखान मी, हेही ठरलेलं असे. अंगाने मी काटकुळा. पोटावर उशी बांधावी लागे. पण गुरुजींच्या मते नाव शोभत होतं. त्यात कोणाच्या मनात वाकडं नव्हतं आणि मलाही दाढी लावायला मजा येई. महाराज झालेला माझा वर्गमित्र मुठीत पुठ्ठ्याची वाघनखं लपवायचा. एके वर्षी मी गुरुजींना विचारलं, "सर, खानाला दिसलं कसं नाही?" गुरुजी म्हणाले, "अंगरखा घोळदार होता, बाबा."

घोळदार अंगरख्याचं हे उत्तर मला पुढे अमेरिकेचा इतिहास वाचताना आठवलं. शस्त्र कुठे लपेल हे शेवटी कपडा ठरवतो. थंडीत कोट असतो, काळजी नाही. खरी पंचाईत उन्हाळ्यात.

आज आपल्याला वाटतं, अमेरिकेत पिस्तूल लपवून बाळगणं ही जुनीच रीत असेल. तसं नाही. १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी छुपं शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली. केंटकीच्या यादीत खिशातलं पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा आणि काठीतली तलवार होती. काठीतली तलवार म्हणजे आपली गुप्तीच की! त्या गुप्तीपायीच एका गृहस्थाला शंभर डॉलर दंड झाला. तो अपिलात गेला आणि १८२२ मध्ये न्यायालयाने कायदाच रद्द केला. हत्यार बाळगण्याचा हक्क आहे, तर उघड की लपवून हा भेद सरकारने करायचा नाही, असा निकालाचा मथितार्थ. लोकांना तो रुचला नसावा. कारण १८५० मध्ये केंटकीची नवी राज्यघटना आली, तेव्हा छुप्या शस्त्राला मनाई करण्याचा अधिकार तिच्यात मुद्दाम लिहिला गेला. त्याच वर्षी लुइझियानाच्या न्यायालयाने सांगितलं, की उघडपणे शस्त्र बाळगणं मर्दाला शोभतं, दडवून बाळगण्यातून मात्र भ्याड खून होतात.

त्या काळचा सभ्य माणूस म्हणजे कमरेला काय आहे ते दाखवणारा माणूस. वाइल्ड बिल हिकॉक नावाचा प्रसिद्ध बंदूकबाज कमरेच्या शेल्यात हस्तिदंती मुठींची दोन रिव्हॉल्व्हरं खोवून फिरे. आपले सरदार कट्यार खोवत, तशीच. चोर आणि जुगारी तेवढे खिशात ठेवतात, असा समज होता. (आता या समजात थोरामोठ्यांचा सोयीस्कर गर्व किती आणि नीती किती, हा प्रश्न वेगळा.)

विसाव्या शतकात हे चित्र उलटलं आणि त्यात एका चामड्याच्या वस्तूचाही वाटा आहे. ब्रूस नेल्सन हा कॅलिफोर्नियातला अमली पदार्थविरोधी अधिकारी. साध्या वेषात काम, हवा उष्ण, अंगात पातळ शर्ट. बाहेरून पट्ट्याला अडकवलेलं होल्स्टर शर्टाखालून डोकावणारच. १९७०च्या दशकात त्याने विजारीच्या आत, कमरेला लागून बसणारं होल्स्टर बेतलं. चामड्याची खरखरीत बाजू बाहेर ठेवली, म्हणजे ते कपड्याला धरून राहतं, सरकत नाही. तोंडाशी जाड पट्टी शिवली, म्हणजे पिस्तूल काढल्यावर तोंड मिटत नाही आणि एका हाताने परत ठेवता येतं. आयडाहोच्या मिल्ट स्पार्क्स यांनी ते विकायला आणलं. नाव 'समर स्पेशल'. रसवंतीगृहाच्या पाटीवर शोभावं असं! पोलिसासाठी निघालेली ही युक्ती पुढे साध्या नागरिकाच्या कमरेला गेली. सैल, बाहेर सोडलेला शर्ट घातला की काम भागतं.

मग १९८७ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला. फ्लोरिडा म्हणजे बारमाही उकाडा. ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला छुप्या शस्त्राचा परवाना द्यायलाच हवा, असं ठरलं आणि त्याच वर्षी उघड्या शस्त्रावर बंदी आली. १८१३चा न्याय नेमका डोक्यावर उभा! आता पिस्तूल दिसणं हा गुन्हा. वाऱ्याने सदरा उडाला तर? त्यासाठी २०११ मध्ये दुरुस्ती करावी लागली, की क्षणभर दिसलं तर चालेल. तरी २०१२ मध्ये फोर्ट पीअर्स गावात एका माणसाला अटक झाली. परवाना खिशात होता. पण अंगात बिनबाह्यांचा बनियनसारखा शर्ट आणि होल्स्टर उघडं. तीनशे डॉलर दंड झाला. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. २०२३ पासून तिथे छुप्या शस्त्राला परवानाही लागत नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने उघड्या शस्त्रावरची बंदी घटनाबाह्य ठरवली.

मला या सगळ्यात पिस्तुलापेक्षा सदऱ्याचं नवल वाटतं. दाखवणारा निर्भय होता म्हणून दाखवत होता, असंही नाही. समोरच्याने घाबरावं म्हणूनच तो दाखवत होता. लपवणाऱ्याला पाहून कोणी घाबरत नाही. पण मग प्रत्येक सैल सदऱ्याकडे बघायची नजर बदलते. माझ्या झब्ब्याकडे बघायचीही.

गेल्या मे महिन्यात एका थिएटरच्या दारात रखवालदाराचा हात माझ्या कमरेपाशी थांबला. पुढच्या दोघांची झडती दोन थापट्यांत उरकली होती. झब्ब्याच्या खिशात काहीतरी लांबट, टणक. मी ते बाहेर काढलं. चष्म्याचं घर. त्याने उघडून पाहिलं, चष्मा उचलून खालचं फडकंही पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "जा, चाचा. सिनेमा सुरू झाला."